पोट आणि वही : जळगाव, १९०७

१९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. जळगाव जिल्ह्याचं गाव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. १९०६मध्ये इंग्रज सरकारने जुन्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आणि पूर्वेची कचेरी इथे आली. संमेलनाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, व्यासंग वनस्पतींचा, आणि कवितेचं वेड. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बी. डी. बसूंचा ग्रंथ पुढे १९१८ साली निघाला, पण तो पाहायला कीर्तिकर उरले नव्हते. तर अशा या झाडापानांच्या जाणकारासमोर धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. सभा हरखून गेली, कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की आज ठोंबरे हे आडनाव सांगितलं तर निम्म्या वर्गाला कळत नाही.

त्याच वर्षी, त्याच गावात, चौधरी वाड्यात सत्तावीस-एक वर्षांची एक बाई पहाटे जात्यावर बसत होती. आसोद्याच्या महाजनांची लेक, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आलेली. तिला अक्षरओळख नव्हती. दळताना ती जी गाणी म्हणायची त्यातली बरीचशी तिची स्वतःची होती, आणि हे घरातल्यांपलीकडे कोणाला ठाऊक असण्याचं काही कारणही नव्हतं. त्याच १९०७मध्ये तिला मुलगा झाला. त्याचं नाव सोपानदेव, आणि ती बाई म्हणजे बहिणाबाई चौधरी.

एवढंच प्रकरण. एका गावात, एका वर्षी, एक कवी व्यासपीठावर आणि एक जात्यापाशी.

मी मराठी शिकवतो, आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गापुढे ठेवतो. पोरं लगेच उत्तर देतात. तो पुरुष, ती बाई. तो ब्राह्मण घरातला, ती शेतकऱ्याची. त्याला लिहिता येत होतं, तिला नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यात वाद नाही. पण मग मी विचारतो, “दोघांपैकी स्वतःचं पुस्तक हातात कोणी घेतलं?” वर्ग म्हणतो, बालकवींनी. आणि तिथे प्रकरण फिरतं, कारण बालकवींनीही नाही. दोघांचेही संग्रह दोघं गेल्यावर निघाले.

म्हणजे टाळ्या मिळणं आणि कविता टिकणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. पोट कशावर भरतं, ही एक गोष्ट. वही कोणाच्या हातात आहे, ही दुसरी. खानदेशातल्या कवींकडे या दोन प्रश्नांनी पाहिलं की जो गोतावळा समोर येतो, तो शाळेच्या पुस्तकातल्या ‘कवी परिचय’ चौकटीत मावत नाही.

आधी एक मास्तर

१९०७च्या आधी थोडं मागे जायला हवं, कारण संमेलनाला जो असायला हवा होता तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत. मूळचे रत्नागिरीकडच्या मालगुंडचे. मुंबईत प्लेगने धुमाकूळ घातला, आणि मिळेल त्या मास्तरकीवर जगणारा हा माणूस खानदेशात आला. आधी भडगाव, मग १९०१मध्ये फैजपूर, तिथे हेडमास्तर. १९०४ साली धारवाडला बदली आणि ७ नोव्हेंबर १९०५ला हुबळीत प्लेगनेच मृत्यू. आठ दिवसांत पत्नीही गेली.

आधुनिक मराठी कवितेचा प्रारंभ ज्याच्यापासून मोजतात, तो माणूस आमच्याकडच्या केळीच्या पट्ट्यात हजेरीपट भरत होता. फैजपूर म्हटलं की लोकांना १९३६चं काँग्रेस अधिवेशन आठवतं, खेड्यात भरलेलं पहिलं. केशवसुत कोणाला आठवत नाहीत.

त्यांची कविता पुस्तकरूपाने आली १९१७मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, आणि ती हरि नारायण आपट्यांनी काढली. आपटे कादंबरीकार, ‘करमणूक’चे संपादक. ते कवी नव्हते, पण मित्राच्या कागदांची किंमत जाणत होते. ते नसते तर? मासिकांच्या जुन्या अंकांत कविता विखुरलेल्या राहिल्या असत्या, आणि ते अंक कोणाच्या तरी माळ्यावर कसरीने खाल्ले असते.

म्हणजे बालकवी आणि बहिणाबाई यांच्या आधी हा तिसरा, ज्याने स्वतःचं पुस्तक पाहिलं नाही. पूर्व खानदेशाच्या मातीत वावरलेले तीन मोठे कवी, आणि तिघांच्याही हाती पुस्तक नाही.

ठोंबरे

बालकवींचे वडील पोलीस खात्यात. त्यामुळे बदल्या, आज या तालुक्याला, उद्या त्या. मुलाचं शिक्षण त्या फिरस्तीत अडखळत राहिलं आणि फार पुढे गेलंच नाही. मात्र त्याच फिरस्तीत त्याने खानदेशातले ओढे, डोंगर, पावसाळे पाहिले असणार. मी याला पुरावा म्हणत नाही, पण श्रावणातलं ऊन-पाऊस ज्याने इतकं नेमकं पकडलं तो चार भिंतींत वाढलेला नसावा, एवढं म्हणायला हरकत नाही.

संमेलनाने नाव दिलं, पण नोकरी दिली नाही. त्याला घर मिळालं ते अहमदनगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंकडे. तिथे तो घरच्या मुलासारखा राहिला, मिशनच्या शाळेत शिकवायलाही लागला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचावं. हट्टी, हळवा, रुसणारा, जेवायला बोलवायला लागणारा ठोंबरे तिथे भेटतो. गंमत अशी की लक्ष्मीबाईंना लिहाय-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं. स्वतः उशिरा अक्षरं गिरवलेल्या बाईने लिहिलं म्हणून आज बालकवी आपल्याला माणूस म्हणून दिसतो, नाहीतर तो फुलराणी आणि औदुंबर यांच्यामागे कधीच नाहीसा झाला असता.

पोटाचं म्हणाल तर ते कधी नीट बसलंच नाही. शिकवणं, मित्रांच्या घरी मुक्काम, अर्धवट सोडलेले बेत, आणि घरात धड न रमलेला संसार. त्या काळात कवितेवर पोट भरणारा मराठी कवी नव्हताच. पण केशवसुत वैतागून का होईना मास्तरकी करत राहिले. बालकवीला तेही जमलं नाही. मला वाटतं त्याच्या कवितेतला आनंद आणि नंतर नंतर दाटून येणारी उदासी, दोन्ही याच अस्थिरपणाच्या पोटी आल्या. पण हे माझं वाचन झालं. समीक्षक यावर शंभर वर्षं भांडत आहेत, आणि ‘औदुंबर’ तर आठच ओळींची आहे!

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मधलं भादली स्टेशन. रूळ ओलांडताना रेल्वेखाली सापडून त्याचा मृत्यू झाला, वय सत्तावीस. भादली आजही आहे, पॅसेंजर थांबते. जिथे त्याला बालकवी हे नाव मिळालं ते जळगाव पुढच्याच स्टेशनाला.

मागे राहिल्या त्या मासिकांत छापून आलेल्या आणि मित्रमंडळींकडे जपून ठेवलेल्या कविता. त्या गोळा करणारे होते म्हणून संग्रह झाला. शिकलेल्या कवीचा हाच फायदा. त्याचे मित्रही शिकलेले असतात, आणि त्यांच्या ट्रंकेत कागद असतात.

चौधरी वाडा

आता ती बाई. १८८०च्या नागपंचमीचा जन्म, आसोदे. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. नवरा नथूजी चौधरी. मुलं ओंकार, सोपानदेव, मुलगी काशी. तिशीत वैधव्य आलं. प्लेगने केशवसुतांना नेलं तसं इथे ओंकारला कायमचं अपंग केलं. भाऊबंदकी, वाटण्या, शेत, पोरं, दळण. बहिणाबाईंच्या ‘करिअर’बद्दल लिहायचं तर एवढंच लिहिता येतं. शेतकरी.

जातं आता बहुतेकांनी लग्नाच्या हळदीपुरतंच पाहिलेलं असतं, म्हणून थोडं जवळून सांगतो. दोन दगडी तळ्या, खालची स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीच्या काठाला लाकडी खुंटा, मध्ये तोंड. उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, डाव्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात सोडायची. त्या मुठीला घास म्हणतात. घास जास्त पडला तर पीठ जाड येतं, कमी पडला तर दगडावर दगड घासतो आणि कचकच पिठात उतरते. म्हणजे हात दोन वेगवेगळ्या तालांत चालतात, एक सतत फिरता आणि एक थांबून थांबून. पहाटेचा अंधार, शेजारी झोपलेली पोरं, आणि जात्याची घरघर. गाणं त्या घरघरीवर बसवायचं. बहिणाबाईंच्या ओळी मोजून पाहा, बहुतेक आठ अक्षरांच्या. छंदाचं पुस्तक तिने पाहिलं नव्हतं. तो छंद तिच्या दंडात होता.

यात एक अडचण असते. असं रचलेलं गाणं दुसऱ्या पहाटे तसंच आठवेल याची खात्री नाही. नव्या गाण्याने जुनं पुसलं जातं. तिची किती गाणी अशी पिठात गेली कोण जाणे. जी उरली ती सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी ऐकून टिपून घेतली म्हणून.

सोपानदेव आठवण सांगत की शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिचं गाणं केलेलं होतं. मला या आठवणीत आईइतकाच मुलगा महत्त्वाचा वाटतो. किती मुलं आईला धडे वाचून दाखवत असतील, आणि सकाळी तिने काय म्हटलं ते किती जणांच्या कानांनी टिपलं असेल?

इथे एका गोष्टीचा राग येतो तो सांगून टाकतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं अजूनही छापलं जातं. ती अहिराणी नाही. अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, जळगाव-भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली. दोन्हींत ‘मला’चं ‘माले’ होतं, ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून पुण्या-मुंबईकडच्या कानाला सारखीच वाटते. वाटू दे. पण लिहिताना तरी तपासावं.

आणि नेमकी या ‘माले’पाशी सोपानदेवांची खरी परीक्षा होती. ते स्वतः कवी, शिष्ट मराठीत लिहिणारे. आईचं गाणं कागदावर उतरवताना ‘माले’चं ‘मला’ करणं किती सोपं होतं! छापणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. त्यांनी ते केलं नाही. ‘माझी माय सरसोती’ नंतर ‘माले शिकवते बोली’ असंच राहिलं. आज आपण त्याला बोलीचा सन्मान वगैरे म्हणतो. त्या काळात शिकलेल्या मुलाने आईची अशुद्ध समजली जाणारी भाषा तशीच ठेवणं हे कवितेइतकंच धाडसाचं काम होतं, आणि सोपानदेवांना त्याचं श्रेय कमी मिळतं. स्वतःची कविता मागे पडून ‘बहिणाबाईंचा मुलगा’ एवढीच ओळख उरणं हा सौदा त्यांना परवडला असावा. निदान तशी तक्रार त्यांनी केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

१९३६मध्ये जळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष माधव ज्यूलियन, फार्सीचे प्राध्यापक, मराठीत रुजवलेल्या गझलेचे कवी आणि मराठी छंदशास्त्राचे मोठे जाणकार. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ त्या विषयात आजही मध्यभागी ठेवतात. म्हणजे मराठी कवितेच्या मात्रा-अक्षरांचा हिशेब ज्याच्याइतका कोणी मांडला नाही, तो माणूस बहिणाबाईंच्या गावात येऊन भाषण करून गेला, आणि ती तेव्हा छप्पन्न वर्षांची, त्याच गावात होती. कवींचा मेळा दुसऱ्यांदा तिच्या दारावरून गेला. वर्गात इथे कोणीतरी हमखास म्हणतं, “सर, सोपानदेवांनी तेव्हाच वही दाखवायला पाहिजे होती.” मी म्हणतो, दाखवली असती आणि समोरच्याने हसून परत दिली असती तर? वही दाखवण्याचीही वेळ असते, आणि माणूसही बघावा लागतो.

३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी बिचकत वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अत्रे म्हणाले हे बावनकशी सोनं आहे, आणि १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. मला यात एक गोष्ट नेहमी खुणावते. अत्रे हे ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाचे कवी. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या आणि एकूणच नटव्या कवितेची त्यांनी १९२५ सालीच रेवडी उडवली होती. ज्याला खोटं नाणं वाजवून बघायची सवय, त्यालाच खरं नाणं हातात येताच कळलं. पाया पडून घेणाऱ्या एखाद्या साहित्यमहर्षीकडे ही वही गेली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

२०१८मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे पूर्ण नाव इतकं लांब की पोरं ‘कबचौउमवि’ म्हणतात आणि परीक्षेच्या अर्जावर तेच लिहितात.

लिहून घेणारे

खानदेशात दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवण्याची आणखी एक मोठी गोष्ट घडली, आणि तीही एका कवीच्या हातून. पांडुरंग सदाशिव साने. हेही कोकणातले, पालगडचे. पोटासाठी खानदेशात आलेला दुसरा कोकणी मास्तर. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ ते १९३० तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, वसतिगृहाचं काम पाहिलं. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. छापील नव्हे, हस्तलिखित, आणि रोजचं. महिन्याचा पगार घेणारा माणूस फावल्या वेळात कविता लिहितो हे समजू शकतं. पण रोज रात्री मुलांसाठी वर्तमानपत्र लिहिणं म्हणजे वेगळीच जात.

पुढे नोकरी सोडून तुरुंग. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार अठरा अध्याय. ते सारं साने गुरुजींनी लिहून घेतलं आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. त्यांनी बायकांच्या ओव्याही गावोगावच्या तोंडून जमवल्या, ‘स्त्रीजीवन’ त्यातून उभं राहिलं. त्यांची स्वतःची कविता ‘पत्री’त आहे, १९३५ची. सरकारने ती जप्त केली, हे त्या कवितेला मिळालेलं एक पारितोषिकच.

शेजारी शेजारी ठेवून बघा. धुळे तुरुंगात बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. जळगावच्या चौधरी वाड्यात गाणारी एक, लिहिणारा दुसरा. गुरुजी जात्यावरच्या ओव्या जमवत होते, आणि खानदेशातलं सगळ्यात मोठं जातं त्यांच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर फिरत होतं. त्यांना ते ऐकू आलं नाही. हा दोष नाही, पण चुटपूट लागते.

धुळ्याचे पुरुषोत्तम पाटील याच पंक्तीत बसतात. कवी, प्राध्यापक, आणि १९८५पासून ‘कवितारती’ हे निव्वळ कवितेला वाहिलेलं द्वैमासिक चालवणारे संपादक. पगार कॉलेजचा, कष्ट टपालाचे. राज्याच्या कोपऱ्यातून कोणी पाठवलेली कविता वाचायची, उत्तर लिहायचं, छापायची. त्यांची स्वतःची कविता संख्येने थोडी, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच. दुसऱ्यांच्या वह्या सांभाळण्यात वेळ जातो.

भालचंद्र नेमाडे आमच्याच यावल तालुक्यातले, सांगवीचे, पण त्यांचा रस्ता उलटा. इंग्रजीची प्राध्यापकी घेऊन ते बाहेर पडले ते नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई. कादंबरीकार म्हणून एवढे गाजले की ‘मेलडी’ आणि ‘देखणी’ या कवितासंग्रहांचं नाव घेतलं की लोक “ते कवीपण आहेत?” विचारतात. त्यांना कोणाच्या ट्रंकेची गरज कधीच लागली नाही. त्यांच्यावर इथे जास्त लिहीत नाही.

पळसखेडे

ना. धों. महानोरांपाशी मात्र थांबायला हवं, कारण पोट आणि वही यांचं भांडण त्यांनी वेगळ्याच रीतीने मिटवलं.

१६ सप्टेंबर १९४२, पळसखेडे. जिल्हा औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर), तालुका सोयगाव, पण शाळा शेंदुर्णीला, म्हणजे जळगाव जिल्ह्यात, आणि कॉलेज जळगावला. अजिंठ्याच्या डोंगराखाली जिल्ह्याची हद्द बदलते, माती आणि बोली बदलत नाहीत. कॉलेज अर्धवट सोडून ते शेतावर परतले. पंचविशीत, १९६७ला, ‘रानातल्या कविता’. आधीच्या तिघांना जे मरेपर्यंत मिळालं नाही ते यांना पंचविसाव्या वर्षी.

काय बदललं होतं? मासिकं होती, कवितेवर जीव लावणारे संपादक आणि प्रकाशक होते, तालुक्याच्या गावापर्यंत कॉलेजं यायला लागली होती. मुख्य म्हणजे ‘ग्रामीण’ म्हणजे गावंढळ हा समज थोडा ढिला झाला होता, आणि तो ढिला करण्यात बहिणाबाईंच्या पुस्तकाचा हात होता. पंधरा वर्षांपूर्वी ते निघालं नसतं तर शेतातल्या बोलीचा कवी पुण्याच्या वाचकाला इतक्या सहज पचला असता, असं मला वाटत नाही.

१९७०च्या त्यांच्या संग्रहाचं नाव ‘वही’. बाहेरच्या वाचकाला वाटतं, कवितांची वही. खानदेशी माणसाला कळतं की वही ही गायची असते. डफावर, घोळक्याने, रात्रभर. वहीगायन हा आमच्याकडचा जुना लोकप्रकार आहे. लिहिलेली ती वही आणि गायलेली तीही वही. या लेखाच्या मथळ्यातली वही कोणती, असं कोणी विचारलं तर मलाही नेमकं सांगता येणार नाही.

महानोर शेवटपर्यंत शेतकरी राहिले. केळी, मोसंबी, सीताफळ, ठिबक सिंचन, पाणी अडवण्याची कामं. १९७८ आणि १९९० अशा दोन वेळा राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं. साहित्यिक म्हणून गेले, पण बोलले ते शेती आणि पाण्यावर. १९७७च्या ‘जैत रे जैत’ची गाणी त्यांची. अजिंठ्याच्या कोरडवाहू पट्ट्यातला माणूस कोकणच्या डोंगरातल्या ठाकरांसाठी गाणी लिहितो, हृदयनाथ चाल लावतात, आणि ती गाणी लग्नाच्या वरातीपर्यंत पोचतात. बालकवीला व्यासपीठ मिळालं तेव्हा श्रोते शे-दोनशे असतील. महानोरांचे श्रोते मोजायची सोय नाही. १९९१ला पद्मश्री, २००९ला ‘पानझड’साठी साहित्य अकादमी. ३ ऑगस्ट २०२३ला पुण्यात निधन.

वर्गातली पोरं महानोरांना यशस्वी म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण एक शेतकऱ्याचा मुलगा एकदा म्हणाला, “सर, बाग पाण्याविना जळाली तेव्हा कवितेने काय केलं?” महानोरांनी हा प्रश्न स्वतःच स्वतःला आयुष्यभर विचारला असावा. त्यांच्या उत्तरार्धातल्या कवितेत पाऊस कमी आणि दुष्काळ जास्त आहे. त्या मुलाला मी उत्तर दिलं नाही, संग्रह दिला. त्याने तो अजून परत केलेला नाही.

जाता जाता

दोन वर्षांपूर्वी मी वर्गाला काम दिलं. घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरचं एक तरी गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. तीस-बत्तीस पोरांपैकी बहुतेकांनी ओव्या आणल्या, त्यातल्या निम्म्या यूट्यूबवरच्या निघाल्या. यावलकडच्या एका मुलीने आपल्या आजीचं रेकॉर्डिंग आणलं, अकरा मिनिटांचं. पहिली चार मिनिटं नुसती आजीची टाळाटाळ. मग ती दोन ओळी म्हणते आणि अडते. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच जागी अडते. मागे मिक्सर सुरू होतो, बंद होतो. नात म्हणते, “आजी, आठव ना.”

आजी म्हणते, “हाताले काम नही तं गानं कसं येईन?”

मग भांड्यांचा आवाज येतो. तिने सूप मागवलंय. गहू पाखडल्याचा आवाज सुरू होतो, एक लय धरतो, आणि सातव्या मिनिटाला तिसरी ओळ येते.